पहिल्या पाच सामन्यांवर किती विश्वास ठेवावा? बास्केटबॉलच्या आकड्यांतून नमुन्याचा धडा



आठवी-नववीच्या वर्गात सांख्यिकी शिकवताना आपण मध्य, मध्यक, बहुलक काढायला शिकवतो. मुलं गणितं सोडवतातही. पण हाताशी असलेला आकडा विश्वास ठेवण्याइतका मोठ्या माहितीवर उभा आहे का, हा प्रश्न पुस्तकात सहसा येत नाही. मला वाटतं, तो मुलांना आयुष्यभर लागणारा प्रश्न आहे. तो शिकवायला मी बास्केटबॉल वापरते. खेळाचं नाव काढलं की मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात.

हा धडा मी का घेऊ लागले, ते शेवटी सांगते. त्यात माझी एक चूक आहे.

मुंबईतले दोन सामने

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेच्या एनबीए लीगचे दोन संघ मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले. एक इंडियाना पेसर्स, दुसरा सॅक्रामेंटो किंग्ज. पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून मुंबईतली शाळकरी मुलंच मोठ्या संख्येने होती. दोन्ही सामने पेसर्सने जिंकले, पहिला जादा वेळेत १३२–१३१ असा आणि दुसरा १३०–१०६ असा. हे हंगामपूर्व सराव सामने होते, त्यांची गुणतक्त्यात नोंद होत नाही.

मग खरा हंगाम सुरू झाला आणि पेसर्स पहिले तिन्ही सामने हरले. मुंबईत पाहिलेलं खरं मानायचं की हे? त्या दिवशी गुणतक्ता पाहणाऱ्याने ‘हा संघ यंदा गेला’ असंच म्हटलं असतं. पण त्या वर्षीचा आखूड झालेला हंगाम संपला तेव्हा पेसर्सच्या नावावर ४५ विजय आणि २८ पराभव होते. चांगलीच कामगिरी.

मुलांना इथे थांबवून विचारा, “मग तीन सामन्यांचा आकडा खोटा होता का?” बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतात. खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. तीन सामने झाले, तिन्ही हरले, यात खोटं काहीच नाही. आकडा खरा होता, पण संघ कसा आहे हे सांगायला अपुरा होता. खोटा आणि अपुरा यांतला हा फरक म्हणजेच आजचा धडा.

सुरुवात कधी फसवते, कधी फसवत नाही

एनबीएमध्ये ३० संघ आहेत आणि पूर्ण हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. फळ्यावर ही उदाहरणं लिहा:

• फिलाडेल्फिया, २०१३–१४. पहिले तिन्ही सामने जिंकले, त्यातला पहिला तर गतविजेत्या मायामीविरुद्ध. शेवटी १९ विजय, ६३ पराभव. मध्ये सलग २६ सामने हरले.
• शिकागो, २००४–०५. सुरुवातीचे ९ सामने सलग हरले. शेवटी ४७ विजय, ३५ पराभव.
• युटा, २०२२–२३. सुरुवात १० विजय, ३ पराभव. शेवटी ३७ विजय, ४५ पराभव.
• गोल्डन स्टेट, २०१५–१६. पहिले २४ सामने सलग जिंकले. शेवटी ७३ विजय, ९ पराभव.
• न्यू जर्सी, २००९–१०. पहिले १८ सामने सलग हरले. शेवटी १२ विजय, ७० पराभव.

पहिल्या तीन संघांच्या सुरुवातीने फसवलं, शेवटच्या दोघांच्या सुरुवातीने नाही. फरक कशात आहे, ते मुलांनाच शोधू द्या. फसवणाऱ्या सुरुवाती ३, ९ आणि १३ सामन्यांच्या आहेत, न फसवणाऱ्या २४ आणि १८ सामन्यांच्या.

एक हुशार मुलगा किंवा मुलगी इथे नक्की म्हणेल, “पण ही उदाहरणं तुम्ही मुद्दाम निवडलीत!” त्या मुलाला शाबासकी द्या. बरोबर आहे, मी लक्षात राहतील अशीच उदाहरणं घेतली आहेत. तीन सामने जिंकून पुढेही बऱ्यापैकी खेळणारे संघ कितीतरी असतात, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून नुसत्या उदाहरणांवर न थांबता आता हाताने प्रयोग करू.

कृती: वर्गात नाणं उडवा

साहित्य: प्रत्येकाकडे एक नाणं आणि वही.

प्रत्येकाने नाणं १० वेळा उडवायचं आणि किती वेळा छापा आला ते लिहायचं. छापा म्हणजे बास्केट पडली, काटा म्हणजे चुकली. सगळ्यांची नाणी सारखी, म्हणजे वर्गातले सगळे ‘खेळाडू’ अगदी सारख्याच ताकदीचे, ५० टक्क्यांचे.

१० पैकी २ किंवा त्याहून कमी छापे येण्याची शक्यता १०२४ पैकी ५६, म्हणजे साधारण साडेपाच टक्के आहे. ८ किंवा जास्त येण्याची शक्यताही तेवढीच. ४० मुलांच्या वर्गात साधारण दोघांना २ किंवा कमी छापे येतात आणि दोघांना ८ किंवा जास्त. त्या चौघांना पुढे बोलवा. वर्गाला विचारा, “यातला चांगला नेमबाज कोण? संघातून कुणाला काढायचं?” वर्ग हसतो, कारण नाण्याला नेम नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण मैदानावर हेच आकडे दिसले की आपण हसत नाही, निर्णय घेतो.

आता चार-चार जणांचे गट करून त्यांचे आकडे एकत्र करा. प्रत्येक गटाचे ४० फटके झाले. आता गटाची टक्केवारी बहुतेक वेळा ३५ ते ६५ च्या आत येते, मघासारखी २० आणि ८० नाही. शेवटी पूर्ण वर्गाचे ४०० फटके एकत्र करा, उत्तर ५० च्या अगदी जवळ येईल.

याला मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने तो सिद्ध केला. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

चौपट सामने, निम्मा गोंधळ

नियमाचा एक भाग मुलांच्या लक्षात राहायलाच हवा. सामने दुप्पट केले म्हणजे नशिबाचा गोंधळ निम्मा होतो असं नाही. तो वर्गमुळाने कमी होतो. गोंधळ निम्मा करायला सामने चौपट लागतात.

तीन गुणांच्या फटक्याचं उदाहरण घ्या. आजकाल एनबीएचा एक संघ एका सामन्यात साधारण ३५ वेळा तीन गुणांचा प्रयत्न करतो. लीगची सरासरी सुमारे ३६ टक्के. म्हणजे ५ सामन्यांत १७५ प्रयत्न आणि त्यातले ६३ यशस्वी, अशी अपेक्षा. पण निव्वळ नशिबाने यात सहा फटक्यांचा फरक सहज पडतो. ६३ ऐवजी ६९ पडले तर टक्केवारी ३९.४ होते, ५७ पडले तर ३२.६.

हंगामाअखेर पूर्ण लीगमधला सर्वोत्तम संघ साधारण ३९ टक्क्यांवर असतो आणि तळाचा साधारण ३२–३४ वर. म्हणजे पाच सामन्यांनंतर फक्त सहा फटक्यांच्या नशिबाने एक सर्वसाधारण संघ लीगमधला सर्वोत्तम किंवा सर्वात वाईट दिसू शकतो. तीसही संघ अगदी सारखे असते, तरी पाच सामन्यांनंतर त्यातले साधारण दहा संघ या ३२.६ ते ३९.४ च्या पट्ट्याबाहेर दिसले असते! आणि त्या प्रत्येकासाठी कुणीतरी कारण शोधलं असतं. नवा प्रशिक्षक, नवा सराव, संघातली भांडणं.

गोंधळाची व्याप्ती अशी कमी होते:

• ५ सामने (१७५ प्रयत्न): ३.६ टक्के इकडे-तिकडे
• २० सामने (७०० प्रयत्न): १.८ टक्के
• ८२ सामने (२,८७० प्रयत्न): ०.९ टक्के

पाचाचे वीस झाले, तेव्हा ३.६ चे १.८ झाले. चौपट आणि निम्मा.

सगळे आकडे एकाच वेळी मुरत नाहीत

“मग किती सामन्यांनी विश्वास ठेवायचा?” असं मुलं विचारतात. त्याला एक उत्तर नाही. कैरीचं लोणचं आणि लिंबाचं लोणचं मुरायला वेगवेगळा वेळ लागतो, तसंच आहे हे. आकडा कशाचा आहे यावर ते ठरतं.

लवकर भरवशाचे होतात ते खेळाच्या शैलीचे आकडे. संघ किती वेगाने खेळतो, एकूण फटक्यांपैकी किती तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारतो, या गोष्टी संघ स्वतः ठरवतो. एका सामन्यात प्रत्येक संघाकडे चेंडूचा ताबा साधारण शंभर वेळा येतो, त्यामुळे थोड्याच सामन्यांत पुष्कळ नोंदी जमतात.

त्यानंतर येतात चेंडू गमावण्याचं प्रमाण आणि रिबाउंड. यात कौशल्याचा आणि मेहनतीचा वाटा मोठा असतो, पण समोरचा संघ कोण यावरही बरंच अवलंबून असतं.

उशिरा मुरते ती नेमबाजीची टक्केवारी, त्यातही तीन गुणांच्या फटक्यांची.

सर्वात फसवा आकडा म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची फ्री थ्रोची टक्केवारी. फ्री थ्रो घेताना खेळाडूला कुणी अडवत नाही. समोरच्यांचे फ्री थ्रो चुकले तर त्यात आपल्या बचावाचं कौतुक काय? तरी सुरुवातीच्या सामन्यांत ते चुकले की ‘कमी गुण दिले’ म्हणून बचावाची वाहवा होते. प्रतिस्पर्ध्यांच्या तीन गुणांच्या टक्केवारीचंही बरंचसं असंच आहे. बचाव करणारा संघ समोरच्याला फटका घेण्यापासून रोखू शकतो, पण फटका सुटल्यावर तो पडणार की नाही, यावर त्याचं फारसं नियंत्रण नसतं.

डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने २००४ च्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात सामना जिंकून देणारे चार घटक सांगितले आणि त्यांना ढोबळ वजन दिलं: नेमबाजी ४० टक्के, चेंडू न गमावणं २५, रिबाउंड २०, फ्री थ्रो मिळवणं १५. आता वरच्या यादीशी जुळवून पाहा. जो घटक सर्वात महत्त्वाचा, तोच सर्वात उशिरा भरवशाचा होतो. म्हणून तर सुरुवातीचे निकाल इतके फसवतात.

आणखी एक गोष्ट तपासायला सांगा: सामने कुणाशी झाले आणि कुठे? अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये नोव्हेंबरात मोठी कॉलेजं बऱ्याचदा दुबळ्या संघांना आपल्याच मैदानावर बोलावतात. तेव्हाचा ६–० आणि जानेवारीतला ६–० एक नव्हे. तिथली संघटना एनसीएए आपली ‘नेट’ ही अधिकृत क्रमवारी हंगाम सुरू होऊन साधारण महिना झाल्यावर, डिसेंबरच्या सुरुवातीला पहिल्यांदा जाहीर करते. त्याआधी संघांचे एकमेकांशी पुरेसे सामनेच झालेले नसतात.

एक सोपी युक्ती: १४ सामने मिळवा

तोवर काय करायचं? गप्प बसायचं? नाही, त्यासाठी एक छान युक्ती आहे. संघाच्या खऱ्या आकड्यात १४ काल्पनिक सामने मिळवायचे, ७ जिंकलेले आणि ७ हरलेले. मग टक्केवारी काढायची.

हे १४ कुठून आले, ते नववी-दहावीच्या शिक्षकांसाठी सांगते. हंगामाअखेर संघांच्या विजयाच्या प्रमाणाचं प्रमाण विचलन ०.१५ च्या आसपास असतं, त्याचा वर्ग ०.०२२५. यात नशिबाचा वाटा ०.२५ भागिले ८२, म्हणजे ०.००३. तो वजा केला की खऱ्या ताकदीतला फरक उरतो, ०.०१९५. आता ०.२५ ला ०.०१९५ ने भागा. उत्तर येतं साधारण १३. निम्मे करायला सोपं म्हणून १४ घेऊ. अर्थ असा की इतके सामने होईपर्यंत विजयांच्या आकड्यात नशिबाचा वाटा संघाच्या ताकदीपेक्षा जास्त असतो. त्यानंतर ताकदीचा वाटा जड होत जातो.

आता फळ्यावरची उदाहरणं पुन्हा घ्या.

गोल्डन स्टेट: २४ पैकी २४. मिळवल्यावर ३८ पैकी ३१, म्हणजे ०.८१६. उरलेल्या ५८ सामन्यांत ४७ विजय अपेक्षित, एकूण ७१. प्रत्यक्षात ७३.

न्यू जर्सी: १८ पैकी ०. मिळवल्यावर ३२ पैकी ७, म्हणजे ०.२१९. उरलेल्या ६४ मध्ये १४ विजय अपेक्षित. प्रत्यक्षात १२.

फिलाडेल्फिया: ३ पैकी ३. मिळवल्यावर १७ पैकी १०, म्हणजे ०.५८८. नुसता आकडा सांगत होता १०० टक्के विजय, युक्ती सांगते ५९ टक्के. प्रत्यक्षात २३ टक्के. म्हणजे युक्तीही चुकली, पण नुसत्या आकड्याइतकी नाही. तीन सामन्यांतून कुठलीही युक्ती जास्त काही काढू शकत नाही, हेही मुलांना दिसू द्या.

जय-पराजयाऐवजी गुणांचा फरक पाहिला तर थोडं लवकर कळतं. एका गुणाने जिंकणं आणि वीस गुणांनी जिंकणं तक्त्यात सारखंच दिसतं, गुणफरकात नाही. बोस्टनचा संघ २०२१–२२ मध्ये ५० सामन्यांनंतर २५–२५ असा अगदी मधोमध होता, पण त्याचा एकूण गुणफरक तेव्हाही अधिकच होता. पुढच्या ३२ पैकी २६ सामने जिंकून तो ५१–३१ वर पोचला आणि अंतिम फेरीत गेला.

पण गुणफरकही एवढी मोठी झेप सांगत नव्हता. दरम्यान संघ खरोखर सुधारलाही होता. नवीन प्रशिक्षकाची पद्धत अंगवळणी पडली, फेब्रुवारीत नवा खेळाडू आला. म्हणून मुलांना सांगा की आकडा भरवशाचा झाला तरी तो आजवरचाच असतो. संघ बदलू शकतो, माणसं तर बदलतातच.

आता माझी चूक

काही वर्षांपूर्वी मी शाळेच्या मुलींच्या संघाबरोबर जात असे. आंतरशालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. हरलात की घरी. त्यामुळे पूर्ण वर्षात जेमतेम चार-पाच सामने मिळतात. आमच्या एका मुलीने पहिल्या दोन सामन्यांत मिळून दहा फटके मारले आणि दोनच पडले. एक पालक मला म्हणाले, “मॅडम, आकडेच बघा ना. तिला बसवा.” मी गणिताची शिक्षिका, आकडे म्हटल्यावर मला पटलं. तिसऱ्या सामन्यात मी तिला बसवलं.

ती काही बोलली नाही. पण नंतर सकाळच्या सरावाला यायची बंद झाली. दिवाळीनंतर कपाट आवरताना सरावाची वही हाती लागली. त्यात तिचे शेकडो फटके नोंदलेले होते आणि जवळपास निम्मे पडलेले होते. संघात बऱ्याच जणींचं प्रमाण तेवढंच होतं.

तेव्हा मी बसून हिशेब केला. १२ मुलींचा संघ, सगळ्या अगदी सारख्या, निम्मे फटके टाकणाऱ्या. प्रत्येकीने दहा फटके मारले, तर एखादीला तरी दोन किंवा कमी पडण्याची शक्यता जवळपास ५० टक्के! म्हणजे कुणीतरी एक तशी निघणं यात नवल नव्हतं. त्या वेळी ती निघाली, एवढंच. वही माझ्याच कपाटात होती आणि मी दहा फटक्यांवर निर्णय घेतला.

मी तिच्याकडे जाऊन ‘माझं चुकलं’ असं सांगितलं. ती हसली, “असू दे मॅडम” म्हणाली. पण मैदानावर ती परत आली नाही. त्या वर्षीपासून हा धडा मी दर वर्षी घेते.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, पहिली घटक चाचणी २० गुणांची असते. चार-पाच प्रश्न, एक दिवस. त्या दिवशी मुलाला ताप असेल किंवा न वाचलेलाच भाग आला असेल. त्या एका आकड्यावर ‘याला गणित येत नाही’ असं म्हणू नका, आणि ‘आमचा तर हुशारच’ असंही नको. मागच्या वर्षीचे गुण, रोजची वही, त्याने तोंडी दिलेली उत्तरं, हे सगळं त्यात मिळवा, जसे आपण १४ सामने मिळवले. याचा अर्थ पहिल्या चाचणीकडे दुर्लक्ष करा असा नाही. कमी गुण दिसले तर चौकशी जरूर करा, मदतही लगेच करा. मदत करायला पुरावा थोडा असला तरी चालतो. शिक्का मारायला मात्र पुष्कळ लागतो.

सरावासाठी प्रश्न

१. शिकागोच्या ० विजय, ९ पराभव या सुरुवातीला १४ सामन्यांची युक्ती लावा. अंदाज आणि प्रत्यक्ष ४७ विजय यांत किती फरक पडतो? तो का पडला असेल?
२. आयपीएलच्या साखळीत प्रत्येक संघ १४ सामने खेळतो. २०१५ मध्ये मुंबई इंडियन्स पहिले चार सामने हरून शेवटी विजेते ठरले. पहिल्या चार सामन्यांवरून संघाबद्दल काय म्हणता येईल आणि काय नाही?
३. नेमबाजीतला गोंधळ एक तृतीयांश करायचा असेल तर सामने किती पट लागतील?
४. तुमच्या वर्गातला, घरातला किंवा गावातला असा एक निर्णय शोधा, जो फार थोड्या माहितीवर घेतला गेला. आणखी कोणती माहिती हाताशी होती आणि कुणी पाहिली नाही?

चौथ्या प्रश्नाला घाई करू नका, मुलांना एक आठवडा द्या. आणि जमलं तर स्वतःचंही एक उदाहरण वर्गात सांगा. मुलं ते जास्त लक्ष देऊन ऐकतात, हा माझा अनुभव आहे.